माहिती कोणाला नव्हती?

कुटुंबनियोजन आणि उपेक्षित समाजातील स्त्रिया : शंभर वर्षांचा इतिहास

'लोकसंख्यावाढीची कारणे लिहा' हा प्रश्न आपल्या शालेय परीक्षांत वर्षानुवर्षे विचारला जातो. त्याचे उत्तरही ठरलेले असते : निरक्षरता, लवकर होणारे विवाह, मुलग्याचा हव्यास आणि 'गरीब व मागास लोकांमधील कुटुंबनियोजनाविषयीचे अज्ञान'. चार मुद्दे लिहिले की चार गुण मिळतात. यातले शेवटचे कारण कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्याची गरज मात्र आपल्याला सहसा वाटत नाही.

तपासायचे तर साधन हाताशी आहे. १९९२-९३ साली आपल्या देशात पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्या वेळी, म्हणजे गावोगाव दूरदर्शन पोचण्याच्या आधी, विवाहित स्त्रियांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना गर्भनिरोधाची निदान एक आधुनिक पद्धत ऐकून माहीत होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ९९ टक्क्यांवर गेलेले दिसते. इतक्या सर्वदूर पसरलेली माहिती आपल्या देशात दुसऱ्या कशाची असेल, हे सांगणे कठीण आहे.

मग अडले कुठे? पहिल्याच पाहणीतले तपशील पाहिले की उत्तराचे एक टोक हाती लागते. स्त्रियांच्या शस्त्रक्रियेविषयी जवळजवळ प्रत्येकीने ऐकले होते. गोळी मात्र तिघींपैकी दोघींना माहीत होती, आणि तांबी व निरोध यांविषयी ऐकलेल्या साधारण साठ टक्केच होत्या. म्हणजे ही माहिती एकाच वाटेने आली होती. ती कोणी आणली, कशासाठी आणली आणि आणताना काय गाळले, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

मागणी कोणाची होती?

१९२१ साली डॉ. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आपले केंद्र सुरू केले. कर्वे विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटलेही सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते.

कर्व्यांकडे येणारे लोक मुख्यतः शिकलेले मध्यमवर्गीय होते. यामागे केवळ विचारांचा प्रश्न नव्हता, साधनांचाही होता. त्या काळी स्त्रीच्या हातात असलेले मुख्य साधन म्हणजे रबरी टोपी. ती योग्य मापाची मिळावी लागे, वेळेवर बसवावी लागे, नंतर स्वच्छ धुऊन जपून ठेवावी लागे. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असलेल्या चाळीत, सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्या गिरणी कामगार बाईला हे कसे जमावे? एखादे साधन प्रयोगशाळेत उत्तम ठरले तरी वापरणारीच्या घरात एकांत, पाणी आणि पैसा नसेल तर ते तिच्यापुरते नसल्यासारखेच असते. पुढच्या सगळ्या इतिहासात हा धडा पुन्हा पुन्हा समोर येतो.

याचा अर्थ गरीब व दलित समाजातून मागणीच नव्हती असा मात्र नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत असा ठराव मांडला. त्यामागचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यांना कोणी राजी झाला नसता, असा युक्तिवाद त्यात होता. ठराव फेटाळला गेला.

त्यानंतर चार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे आंबेडकरांनी तेथे जमलेल्या हजारो स्त्रियांना सांगितले. त्याच परिषदेत घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना भरपगारी रजा असे ठराव झाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात दलित स्त्रियांच्या या चळवळीची नोंद सापडते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या स्त्रियांच्या दृष्टीने कमी मुले हा एक सुटा प्रश्न नव्हता. तो लग्न, मजुरी, शिक्षण आणि आरोग्य यांच्या हक्कांच्या पंक्तीत बसलेला होता.

मणी, गोळ्या आणि लूप

स्वातंत्र्यानंतर, पहिल्या पंचवार्षिक योजनेत, भारताने कुटुंबनियोजन हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारले. असे करणारा तो जगातला पहिला देश मानला जातो. प्रारंभी भर होता तो 'सुरक्षित काळ' पाळण्याच्या पद्धतीवर. म्हैसूर राज्यातील रामनगरम् आणि दिल्लीतील लोदी कॉलनी येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिचे प्रयोग झाले. दिवस मोजता यावेत म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. प्रयोग फसला. पाळीचे चक्र सर्वांचे सारखे नसते. आजारपण आणि कुपोषण यांनी ते आणखी बिघडते. शिवाय 'आज नको' म्हणण्याचा अधिकार माळेबरोबर मिळत नव्हता.

पंजाबमधील खन्ना भागात १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक वर्षे अभ्यास केला. गावकऱ्यांना फेसाच्या गोळ्या वाटण्यात आल्या. बऱ्याच घरांनी त्या घेतल्या, वापरल्याचेही सांगितले. पण जन्मदरात म्हणावा तसा फरक पडला नाही. १९७० च्या सुमारास महमूद ममदानी हे तरुण अभ्यासक त्यांपैकी मनुपूर या गावी गेले. एका घरात त्यांना त्या गोळ्यांच्या खोक्यांची व बाटल्यांची एकावर एक रचून केलेली शोभेची वस्तू दिसली. आलेल्या पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून लोकांनी गोळ्या ठेवून घेतल्या होत्या! भूमिहीन मजुराला आणि लहान शेतकऱ्याला मुले म्हणजे कामाचे हात आणि म्हातारपणाचा आधार वाटतात, तेव्हा ती कमी करणे त्यांना परवडत नाही, असे ममदानी यांनी मांडले. त्यांचे सगळेच निष्कर्ष सर्वांना मान्य झाले नाहीत. परंतु 'अज्ञान' या शब्दाने सगळे उलगडत नाही, हे त्यांनी ठळकपणे दाखवून दिले.

यानंतर १९६५ साली लूप आला. प्लॅस्टिकचे हे वेटोळे गर्भाशयात बसवले की काम झाले, असा विश्वास होता. १९६५-६६ मध्ये सुमारे ८ लाख आणि पुढच्या वर्षी सुमारे ९ लाख स्त्रियांनी तो बसवून घेतला. गरीब स्त्रिया नवीन साधनाला तयार नसतात, हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही. पण पुढच्या वर्षांत हे प्रमाण झपाट्याने घसरले. कारण शरीरशास्त्रात होते. लूपमुळे अनेक स्त्रियांच्या पाळीतला रक्तस्राव वाढतो, पोटात दुखते. घरी दूध-भाजी-कडधान्याचा आहार असलेली स्त्री हे निभावून नेते. आधीच रक्तक्षय असलेल्या, दिवसभर रोजंदारीवर वाकून काम करणाऱ्या स्त्रीला तो वाढीव रक्तस्राव झेपत नाही. त्रास झाला तर तपासून तो काढून देणारे जवळपास कोणी नव्हते. गावातल्या एकीला त्रास झाला की दहा जणी सावध होत. त्याला आपण 'अफवा' म्हटले. वस्तुतः ती एकमेकींना दिलेली अनुभवाची माहिती होती.

केस आणा!

लाल त्रिकोण आणि १९६८ साली बाजारात आलेला स्वस्त निरोध हे या काळातले प्रयत्न सर्वांना आठवतात. हळूहळू भर मात्र शस्त्रक्रियेवर आला. १९७१ च्या जुलैमध्ये केरळातील एर्नाकुलम येथे एका महिन्याच्या शिबिरात ६३ हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली. रोख रक्कम आणि भेटवस्तू मिळत होत्या. पुरुष शस्त्रक्रियेला येत नाहीत हे आज आपण गृहीत धरतो. तेव्हा ते आले होते, हे विसरू नये.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी चारातल्या तीन पुरुषांवर. उद्दिष्टे ठरली आणि ती जिल्हाधिकाऱ्यापासून खाली उतरत गेली. हरियाणातील उटावर या मुस्लिमबहुल गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नेले. ज्याच्याजवळ जमीन, ओळख आणि वजन नव्हते तो आधी सापडला. भूमिहीन मजूर, दलित, झोपडपट्टीतले लोक यांचा भरणा त्यात अधिक होता. नसबंदीनंतर झालेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद शाह आयोगाच्या अहवालात आहे. महाराष्ट्रात तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली विधिमंडळाने संमतही केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायद्यात आले नाही.

हा इतिहास आपल्या व्यवसायाचाही आहे. अनेक राज्यांत तलाठी, ग्रामसेवक यांच्याप्रमाणे प्राथमिक शिक्षकांनाही 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट देण्यात आले. ते पुरे न झाल्यास पगार अडवला जाई, बदली होई. आपल्याच विद्यार्थ्याच्या बापाला 'केस' म्हणून घेऊन जाणाऱ्या शिक्षकाचे त्या वस्तीशी नाते काय उरले असेल, याचा विचार करून पाहावा. कुटुंबनियोजनाची 'माहिती' त्या काळात या वाटेनेही गरिबांच्या घरी पोचली आहे.

ओझे बाईच्या पोटावर

आणीबाणीनंतरच्या वर्षात शस्त्रक्रियांची संख्या साडेनऊ लाखांपर्यंत खाली आली. कार्यक्रमाचे 'कुटुंबकल्याण' असे नवे नाव झाले. संख्या पुढे सावरली. पण पुरुष परत आले नाहीत. नसबंदीच्या भीतीने राजकीय पक्षही पुरुषांच्या वाटेला जाईनात. उद्दिष्टे तशीच राहिली आणि ती स्त्रियांकडून पुरी करून घेण्यात आली.

शास्त्राच्या दृष्टीने हे उफराटेच म्हणावे लागेल. पुरुषाची शुक्रवाहिनी कातडीच्या लगेच आत असते. फक्त ती जागा बधिर करून, पोट न उघडता, काही मिनिटांत ती बांधता येते. आता तर टाकेही घालावे लागत नाहीत. तिचा परिणाम पुरा व्हायला सुमारे तीन महिने लागतात, एवढी काळजी घ्यावी लागते. स्त्रीच्या बीजवाहिन्या मात्र ओटीपोटात खोल असतात. तेथे पोचण्यासाठी पोटाला छेद द्यावा लागतो किंवा पोटात वायू भरून दुर्बीण घालावी लागते. म्हणजे सोपी, कमी धोक्याची शस्त्रक्रिया बाजूला पडली आणि अवघड शस्त्रक्रिया आधीच अशक्त असलेल्या जोडीदाराच्या वाट्याला आली.

आकडे पाहा. पहिल्या पाहणीत (१९९२-९३) विवाहित जोडप्यांपैकी सुमारे २७ टक्के स्त्री-शस्त्रक्रियेवर आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास पुरुष-नसबंदीवर अवलंबून होती. पाचव्या पाहणीत (२०१९-२१) स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के झाले आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के उरले. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. देशात ही शस्त्रक्रिया सरासरीने पंचविशी-सव्विशीतच उरकली जाते. लवकर लग्न, लागोपाठ दोन-तीन बाळंतपणे आणि मग शस्त्रक्रिया असा हा क्रम आहे. मध्ये अंतर राखण्याचे साधन अनेकींच्या वाट्याला येतच नाही.

नवी साधने आली तेव्हाही विचारण्याची पद्धत बदलली नव्हती. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरू येथे गरीब स्त्रियांना नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनसाठी जमवले गेले. हा प्रयोग आहे, त्याचे दुष्परिणाम असू शकतात, हे त्यांना नीट सांगितलेले नव्हते. स्त्रीशक्ती संघटना, सहेली यांसारख्या महिला संघटनांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. या संघटना गर्भनिरोधाच्या विरोधात नव्हत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, जिच्या शरीरावर प्रयोग व्हायचा तिला आधी सर्व सांगितले पाहिजे.

एकीकडे सक्ती, दुसरीकडे बंदी

या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट मध्य भारतात घडली. १९७९ साली मध्य प्रदेश शासनाने बैगा व अन्य काही आदिम जमातींच्या नसबंदीला बंदी घातली. त्यांची लोकसंख्या कमी आहे, ती आणखी घटू नये, असा हेतू होता. शेजारच्या गावातल्या दलित स्त्रीच्या मागे उद्दिष्टासाठी लकडा लावला जाई, आणि पाच-सहा बाळंतपणांनी थकलेली बैगा स्त्री स्वतःहून आली तर तिला परत पाठवले जाई. संख्या वाढवायची असो वा घटवायची, ठरवणारा तिसराच होता. छत्तीसगड वेगळे झाल्यावर तेथेही ही बंदी चालू राहिली. पुढे काही बैगा जोडप्यांनीच तिच्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले.

त्याच छत्तीसगडमध्ये ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यातील सकरी येथे, बंद पडलेल्या एका इस्पितळात, काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या आठवड्यात या आणि आसपासच्या शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. त्या बहुतेक दलित, आदिवासी आणि इतर मागास समाजांतल्या होत्या. ज्यांच्या नसबंदीला बंदी होती त्या बैगा जमातीचीही एक स्त्री त्यांत होती. या घटनेनंतर, देविका बिस्वास यांच्या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. उद्दिष्टे तर सरकारने कागदोपत्री एप्रिल १९९६ मध्येच काढून टाकली होती. १९९४ च्या कैरो येथील जागतिक परिषदेनंतरचा तो निर्णय होता. कागदावरून गेलेली गोष्ट गावातून जायला वीस वर्षेही पुरली नाहीत.

ज्यांनी आधी ऐकून घेतले

याच काळात महाराष्ट्रात दोन ठिकाणी वेगळ्या वाटेने काम झाले. त्याचा परिचय विद्यार्थ्यांना अवश्य करून द्यावा.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आजार होते, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षे या स्त्रियांच्या घरी जात होती. ती मुलांची संख्या विचारत होती. 'बाई, तुला काही त्रास होतो का?' हा प्रश्न मात्र राहून गेला होता. अंगावरून जाणे, पोटात-कमरेत दुखणे हे ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होते, त्यांनी गर्भाशयात आणखी एक वस्तू बसवून घ्यायला का-कू केली, तर त्यात अडाणीपणा कोणता?

दुसरे ठिकाण जामखेड. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. पाणी, बाळंतपण, लसीकरण, मुलांची हगवण या कामांबरोबर गोळ्या आणि निरोधही त्यांच्याकडे असत. १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षभरात दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला. गर्भनिरोध करणारी जोडपी १९७१ मध्ये शंभरात एकही नव्हती. १९९० च्या दशकात ती साठाच्या आसपास पोचली.

या दोन आकड्यांचा संबंध विद्यार्थ्यांना गणितानेच समजावून देता येईल. सहांपैकी एक मूल पहिल्या वर्षातच जाणार असेल, तर दोन मुलांवर थांबणे हा धोक्याचा सौदा असतो. मूल जगेल याची खात्री वाढली की थांबण्याचा निर्णय बाई स्वतःच घेते. शिवाय सल्ला देणारी आपल्याच वस्तीतली असते. उद्या त्रास झाला तर तिच्याच दारात जाऊन विचारता येते.

आज काय दिसते?

२०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ६६.७ टक्के जोडप्यांकडून कोणती ना कोणती पद्धत वापरली जाते. पहिल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. एका स्त्रीला होणाऱ्या अपत्यांची सरासरी २.० वर आली आहे. महाराष्ट्रात ती १.७ आहे. 'अपुरी गरज', म्हणजे मूल नको किंवा इतक्यात नको असूनही कोणतेच साधन न वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, सुमारे २० टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर उतरले आहे. लोकसंख्येचा स्फोट ही भाषा आता जुनी झाली.

साधनांची यादीही वाढली आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली सेंटक्रोमॅन ही गोळी १९९१ मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आली. ती स्टेरॉइड नाही. गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा नेहमीचा परिणाम ती होऊ देत नाही, त्यामुळे गर्भ रुजत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच ती घ्यायची असते. 'छाया' या नावाने ती आता सरकारी केंद्रांत मोफत मिळते. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. तांबीत तांब्याचे सूक्ष्म कण शुक्रजंतूंना निकामी करतात. तिचा एक प्रकार दहा वर्षे चालतो.

स्त्रियांची स्वतःची माहितीही विज्ञानाने काही अंशी खरी ठरवली आहे. 'अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत' असे आपल्याकडे जुन्या बाया सांगतात. बाळ दूध ओढते तेव्हा आईच्या मेंदूतून बीजांडकोशाला जाणारे संदेश मंदावतात, हे खरेच आहे. पण त्याला तीन अटी आहेत : बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, ते पूर्णपणे अंगावरच्या दुधावर हवे, आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसावी. या तीनही पाळल्या तर गर्भ राहण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन इतकीच असते. यातली एकही सुटली की भरवसा सुटतो. जुनी समजूत उडवून लावण्यापेक्षा तिच्या मर्यादा सांगणे अधिक उपयोगाचे, हे यावरून दिसेल.

तरीही पाचव्या पाहणीत, साधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी त्याच्या दुष्परिणामांविषयी कधी तरी सांगितले गेलेल्या स्त्रिया ६२ टक्केच आहेत. १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे लूपच्या वेळची अडचण पन्नास वर्षांनीही निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात आहे. ऐकणे, समजणे आणि निवडता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीलाच 'जाणीवजागृती' म्हणत आलो.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या वर्गात पहिल्या आणि पाचव्या पाहणीतील चार आकडे फळ्यावर लिहावेत : स्त्री-शस्त्रक्रिया, पुरुष-नसबंदी, एकूण वापर आणि अपुरी गरज. त्यांचा स्तंभालेख काढायला सांगावे. शेजारी दोन्ही शस्त्रक्रियांची साधी आकृती असावी. मग विचारावे : यांपैकी सोपी कोणती? जास्त कोणती होते? का? उत्तर जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही आणि इतिहासाच्या पुस्तकातही एकट्याने सापडणार नाही. मुलांना दोन्ही पुस्तके एकत्र उघडावी लागतील.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. जवळच्या उपकेंद्रातील परिचारिकेला किंवा गावच्या आशा कार्यकर्तीला वर्गात बोलवावे आणि तिच्याकडे कोणकोणती साधने आहेत, ती कोणाला चालत नाहीत, त्रास झाल्यास काय करायचे, हे विचारावे. कोणा घराची किंवा बाईची चौकशी मात्र मुलांनी करू नये. तेवढी मर्यादा पाळणे हाही या विषयाच्या शिक्षणाचाच भाग आहे. या वर्गांतल्या काही मुलींची लग्ने वर्ष-दोन वर्षांत होतील. शस्त्रक्रियेखेरीज आणखी काय असते, हे त्यांना शाळेत समजले नाही तर पुढे कोणी सांगेलच याची खात्री नाही. मुलग्यांनीही हे ऐकणे तितकेच आवश्यक आहे.

आणि प्रश्नपत्रिका काढताना 'लोकसंख्यावाढीची कारणे लिहा' याऐवजी असे विचारून पाहावे : 'जामखेड भागात बालमृत्यू घटल्यावर गर्भनिरोधाचा वापर का वाढला असेल, ते स्पष्ट करा.' याचे उत्तर मार्गदर्शकात मिळत नाही. मुले काय लिहितात ते आम्हांला अवश्य कळवावे.